लाल ठिपक्याचं अंडं

मी जन्मलो तेव्हा सुईणीने पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापा मारल्या, तरी रडलो नाही. मग शेजारच्या परसात एक कोंबडी अंडं घालून ओरडली आणि त्यासरशी मी तोंड उघडलं. ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता. पण ती मी स्वतः सांगतोय, म्हणजे खरी असणारच.

तेव्हापासून अंड्याचं आणि माझं जमलं. उकडलेलं, फोडणीत परतलेलं, कालवणात सोडलेलं, कसंही चाले. राहायला मी पेणला आणि नोकरीला धाटावच्या एका कंपनीत. पाळी सुटली की रोह्याच्या नाक्यावर ऑम्लेटपाव ठरलेला. तिथला गाडीवाला मला वळणावर बघूनच अंडी फोडायला घ्यायचा, आणि मी रजेवर गेलो की बिचारा धंदा मंदावला म्हणून देवाला नारळ बोलायचा. रोहा तालुक्यातल्या कोंबड्या माझी शिफ्ट बघून बसायच्या असंही लोक बोलतात. मी त्याला दुजोरा देत नाही. नाकारतही नाही.

कंपनीत दरवर्षी मेडिकल असतं. दंडातून रक्त काढतात, छातीला चिकट वायरी लावतात आणि आठवड्याने कागद हातात देतात. त्या वर्षी कागद देणाऱ्या मुलीने आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, जिना चढून आलात?"

"हो. का?"

ती उठून उभी राहिली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. कोलेस्टेरॉलसमोर जो आकडा होता तो मी आधी कुणाचा तरी मोबाईल नंबर समजलो.

पेणला आमच्या डॉक्टरीणबाई आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण चष्म्यावरून बघायला लागल्या की मला शाळेतली छडी आठवते. मी गेलो, आणि बायको माझ्याबरोबर आली. खरं तर मी तिच्याबरोबर गेलो. टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय ठेवलेलं होतं. त्याच्या एका कापलेल्या नळीत पिवळा थर दाखवला होता, हुबेहूब अर्धवट उकडलेल्या बलकासारखा. मला तिथेच भूक लागली.

"अंडी किती खाता?" बाईंनी विचारलं.

बायको बोटांवर मोजायला लागली. एक हात संपला, दुसरा संपला, तिने माझा हात ओढून घेतला. बाई म्हणाल्या, "अहो, मग ती जरा आवरा."

त्यानंतर बाई बराच वेळ बोलल्या. तेलाबद्दल, चालण्याबद्दल, गोळीबद्दल बोलल्या. मी हृदयाकडे बघत होतो. आणि बायकोच्या कानात "अंडी आवरा" एवढं शिरलं होतं आणि मागे तिने दार लावून घेतलं होतं. बाहेर आल्या आल्या मिनिडोर रिक्षात बसताना तिने हुकूम काढला.

"आजपासून पिवळं बंद. पांढरं खायचं तर खा."

"अगो, पण बाई तसं कुठं म्हणाल्या..."

"मी व्हते ना तिथं? तुम्ही त्या काळजाकडं बघून मिटक्या मारत व्हता."

अंड्याचं नुसतं पांढरं कसं लागतं हे ज्याला माहीत नाही त्याने फळ्याचा खडू पाण्यात भिजवावा आणि मीठ लावून खावा. आमच्या परसात हिच्या कोंबड्या आहेत. डोळ्यांदेखत त्या अंडी घालायच्या, डोळ्यांदेखत ती उकडली जायची, आणि डोळ्यांदेखत त्यातला केशरी, साजूक, सूर्यासारखा बलक निघून शेजारच्या बोक्याला जायचा. तो बोका महिन्याभरात असा पोसला की गल्लीतली कुत्री त्याला बघून रस्ता बदलायची. एका पाहुण्याने तर मला विचारलं, "वासरू कधी घेतलंत?"

नुसत्या पांढऱ्यावर माणूस जगावा कसा, हे मात्र बायकोला कळत होतं. ती घरी पोह्याचे पापड करते. पेणला दर चौथ्या घरात लाटणं फिरतं तसं आमच्याकडेही फिरतं. ऑर्डरीचे अख्खे पापड बाहेर जातात आणि मोडके घरी राहतात. ती मायेने ते कढईत सोडायची. सकाळच्या जेवणाला पापड, रात्रीच्या जेवणाला पापड, मधे मी तोंड पाडून बसलो तर दिलाशाला पापड. पापडाला पिवळं नसतं. त्यामुळे त्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पौष आला, आणि पौषात पोपटी असते.

आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात वाल पेरतात. शेंगा भरल्या की मातीचं मडकं घ्यायचं, त्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा. भांबुर्डा म्हणजे बांधावर उगवणारं एक उग्र वासाचं झुडूप, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मधे मसाल्यात मुरवलेली कोंबडी, कच्ची अंडी, परत शेंगा, तोंडाशी परत पाला गच्च दाबायचा. मग मडकं शेतातच उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. आतल्या आत वाफेवर सगळं शिजतं आणि वास गावभर जातो.

माझी सासुरवाडी रोहा तालुक्यातल्या निडीची. रोहेकरांचा ठाम समज आहे की पोपटी ही त्यांची, आणि पेणकरांनी गणपती घडवावेत, पापड लाटावेत आणि पोपटीला फक्त खायला यावं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासऱ्यांनी गंमत म्हणून मडकं माझ्या हातात दिलं. पेणचा जावई काय दिवे लावतो ते बघायला अर्धं गाव बांधावर बसलं होतं. मडकं उघडलं, सासऱ्यांनी एक शेंग तोंडात टाकली आणि ते गप्पच झाले. हे गृहस्थ झोपेतसुद्धा बोलायचे. शेवटी म्हणाले, "ह्या मडक्याला आता दुसऱ्यानं हात लावायचा नाय."

सासरे गेले, पण त्यांचा शब्द राहिला. निडीच्या शेतात मडकं भरायचं ते पेणच्या जावयाने. कंपनीत मला कोणी सुपरवायझर केलं नाही, घरात माझं मांजर ऐकत नाही, पण वर्षातून एकदा त्या शेतात माझ्या हाताकडे माणसं बघत बसतात. ते मडकं मला गमवायचं नव्हतं.

आणि त्यावर माझ्या मेव्हण्याचा डोळा होता. मेव्हणा रोह्याजवळ वरश्याला फ्लॅट घेऊन राहतो, मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतो आणि पोपटीला गॉगल लावून येतो. दरवर्षी तो मला विचारतो, "भावजी, थकला असाल. या खेपेस मी भरू काय?" दरवर्षी मी म्हणतो, "आधी पाला ओळखायला शीक."

त्या वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी बायकोने सांगून टाकलं. "मडकं भरा. शेंगा खा. तुमचं अंडं मी सोलून देणार, पिवळं कुत्र्याला."

पोपटीतल्या अंड्याचं पिवळं! भांबुर्ड्याच्या वासाचं, धुरकट, किंचित ओव्याचं! ते कुत्र्याला! मी त्याच क्षणी ठरवलं की एक जादा अंडं मडक्यात जाईल, ते माझं असेल, आणि ते जगात कोणालाही कळणार नाही.

पण अंडं आणायचं कुठून? फ्रिजमधली अंडी हिच्या पहाऱ्यात होती. दुकानात जावं तर दुकानदारापर्यंत माझा रिपोर्ट पोचलेला, तो मला टोमॅटो घ्या म्हणायचा. राहिली परसातली खुडूक कोंबडी. ती पाटीत पेंढ्यावर बसून अंडी उबवत होती. उबवायच्या अंड्यांवर आमची ही नेलपेंटचा लाल ठिपका देते. म्हणजे दुसरी एखादी कोंबडी तिथे येऊन ताजं अंडं घालून गेली तर ते बिनठिपक्याचं म्हणून लगेच ओळखू येतं आणि घरात घेता येतं. पूर्वी ती कोळशाने खूण करायची, पण कोळसा पुसतो. नेलपेंट पुसत नाही. हे पुढे कामाला येणार होतं, माझ्या नव्हे.

सकाळी मी बेत केला. कोंबडीखाली हात घालायचा, बिनठिपक्याचं बघून उचलायचं. बेत सोपा होता, पण तो कोंबडीला कोणी सांगितला नव्हता. हात घातला तशी ती अशी फुलली की पाटीत कोंबडीच्या जागी मोर दिसायला लागला. तिने मनगट फोडलं, कोपर फोडलं, शेवटी कानाची पाळी धरली. अशा वेळी माणूस ठिपके बघत बसत नाही. हाताला लागलं ते घेतलं, विजारीच्या खिशात टाकलं आणि पळालो.

"काय ओरडली ती?" बायकोने आतून विचारलं.

"आठवण येणार म्हणते तुझी."

पेणहून निडीला आम्ही मोटारसायकलवर गेलो. पुढे मी, मागे बायको, बायकोच्या मांडीवर मडकं आणि माझ्या खिशात अंडं. वडखळ सोडलं की हायवेचं काम सुरू होतं. ते माझ्या लग्नाआधी सुरू झालं असावं आणि नातवाच्या लग्नात संपेल. एकेक खड्डा असा की आत उतरल्यावर वरचा माणूस दिसत नाही, नुसता हॉर्न ऐकू येतो. एका खड्ड्यात आम्ही शिरलो तेव्हा ऊन होतं आणि बाहेर आलो तेव्हा ढग. माझे मणके सरकले, बायकोचा अंबाडा सुटला, पण अंड्याला तडा गेला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता की हे अंडं साधं नाही.

निडीच्या शेतात सगळे जमले होते. सासूबाई पेंढ्याच्या भाऱ्यावर महाराणीसारख्या बसलेल्या, मेव्हणा गॉगल लावून. मी मडकं मांडीत घेतलं. बायको शेजारी बसून अंडी एकेक करून माझ्या हातात देत होती, जणू बँकेतला कॅशियर. शेंगा घालता घालता मी खिशातलं अंडं मुठीत घेतलं, न बघताच भांबुर्ड्याच्या पानात गुंडाळलं आणि तळाशी दडवलं. पानाची पुरचुंडी म्हणजे माझं अंडं. मडकं रिकामं करताना ती अलगद उचलायची आणि शेंगा सोलत बांधाकडे सरकायचं.

आग पेटली. ऊन कलत होतं. वास सुटला तसे लोक बोलायचे थांबले. थोड्या वेळाने मी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. पाणी चुर्र करून उडालं, म्हणजे पोपटी झाली. मी काठीने मडकं ओढणार, एवढ्यात मेव्हण्याने हातांना फडकी गुंडाळली.

"भावजी, एवढं तरी करू द्या की!"

आणि त्याने मडकं उचलून चटईवर असं आपटून रिकामं केलं, जसं काही त्यातून साप काढायचा होता. पाला एकीकडे, शेंगा एकीकडे, अंडी चौफेर. माझी पुरचुंडी सुटली. आतलं अंडं गडगडत निघालं, कोंबडीच्या तंगडीला वळसा घालून गेलं आणि थेट सासूबाईंच्या पायाशी जाऊन थांबलं. लाल ठिपका वरती.

सासूबाईंनी ते उचललं आणि त्यांचा चेहरा फुलला. "बगा गो बगा! जावयानं माजं अंडं येगळं ठेवलान. वर टिकली पण लावलीन!"

"आई, ते नका... ते गरम आहे," मी म्हणालो.

"गरमच चांगलं." त्यांनी ते दगडावर टिचकवलं.

आत काय होतं याचं वर्णन मी करणार नाही. आत अंडं नव्हतं. आत कोंबडीचा पुष्कळ पुढे गेलेला विचार होता. वास असा आला की झाडावरचे कावळे उडून गेले ते थेट नागोठण्याला उतरले म्हणतात. सासूबाई भाऱ्यावरून उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना दोन माणसं लागतात उठायला, पण त्या दिवशी एकही लागलं नाही.

बायकोने मात्र नाक धरलं नाही. तिने टरफल उचललं, ठिपका उन्हाला धरला, आणि मग स्वतःचं नख त्याच्याशेजारी धरलं.

"ह्यो रंग माझा हाय."

मी आकाशाकडे बघितलं. तिने माझं मनगट धरलं, बाही वर केली. कोंबडीने फोडलेल्या खुणा तिथे ओळीने होत्या.

"उबवायला ठेवलेलं अंडं? एका पिवळ्यासाठी?"

"मला वाटलं ते ताजं..."

"मेलात तर मी काय करू? सांगा ना! त्या कागदावरचा आकडा बगून मला झोप नाय लागत, आणि तुम्ही कोंबडीखाली हात घालताव!"

ती ओरडत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. विनोद करायला माझ्याकडे तीन-चार वाक्यं तयार होती. मी ती गिळली. अंड्यापेक्षा जड गेली.

सासूबाईंनी तोंड धुतलं, चूळ भरली आणि निकाल दिला. "जावय, रिपोट चांगला येत नाय तवर मडक्याला हात लावायचा नाय. धाकटा भरील."

मेव्हण्याने गॉगल काढला. त्याचे डोळे आनंदाने असे चमकत होते की गॉगल कशाला लागतो ते मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून मी संत झालो. पिवळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणी हळदी रंगाचं लुगडं नेसून आलं तर मान खाली घालायचो. माघातली शेवटची पोपटी व्हायची होती, त्याआधी रिपोर्ट चांगला यायला हवा होता. पांढरं खाल्लं, पापड खाल्ले, पांढरं खाल्लं, पापड खाल्ले. रक्त दिलं. कागद आला.

आकडा तसाच होता. उलट जरा वर सरकून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काका, चालता?"

"मोटारसायकलपर्यंत."

"खाण्यात काय असतं?"

बायको अभिमानाने पुढे सरकली. "अंडं बंद हाय. नुसतं पांढरं देते. पिवळ्याचा थेंब नाय."

"बंद?" बाई म्हणाल्या. "मी कमी करा म्हटलं होतं. अख्खं एखादं अंडं चाललं असतं त्यांना. मी बंद करा म्हटलं होतं ते तळलेलं."

"तळलेलं काय नाय खात."

"भजी, वडे?"

"नाय."

"फरसाण?"

"नाय."

"पापड?"

बायको थांबली. मग आवाज चढवून म्हणाली, "पापड काय खाणं हाय काय? ते तोंडी लावणं."

"रोज?"

"मोडके असतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्यांनी टेबलाखाली स्वतःलाच चिमटा काढला, हसू येऊ नये म्हणून. मग आम्हा दोघांना समोर बसवून, एकेक शब्द वेगळा करून सगळं परत सांगितलं. तळलेलं बंद. गोळी रोज, आणि ती विसरायची नाही. चालणं रोज. आणि अंडी फार नकोत, दिवसाला एक पुरे, पण ते पिवळ्यासकट खाल्लं तर चालेल.

"आणि पोपटी?" मी फाशीच्या कैद्यासारखं विचारलं.

"पोपटीत तेल किती घालता?"

"तेल? पोपटीत?" आम्ही नवराबायको एकाच वेळी ओरडलो. बाहेर बसलेले पेशंट डोकावले.

"मग खा की. शेंगा जास्त, कोंबडी बेताची."

मिनिडोर घराच्या वळणाशी आल्यावर बायको हळूच म्हणाली, "म्हंजे मीच तुम्हाला तळून घातलं."

"मोडके होते गो म्हणून वाचलो. अख्खे असते तर गेलोच असतो."

तिने मला कोपराने ढोसलं. ज्या बरगडीवर ढोसलं ती अजून पावसाळ्यात दुखते, पण ती हसली.

तरी रिपोर्ट वाईटच होता, आणि निकाल निकाल असतो. माघाच्या शेवटी निडीला गेलो तो मी पाहुणा म्हणून. मेव्हणा मडकं मांडीत घेऊन बसला होता. समोर मोबाईल उभा करून ठेवलेला. भांबुर्ड्याच्या जागी त्याने कोबीची पानं आणली होती. वास सौम्य येतो म्हणे. मी जीभ चावून बसलो. मग त्याने पिशवीतून एक पिवळा ठोकळा काढला आणि कागद सोडवला.

"हे काय रं?" बायकोने विचारलं.

"लोणी, ताई. दुकानातलं. शेंगांना लावायचं, वरून चीज. नवीन पद्धत हाय."

पुढचं सगळं इतक्या वेगात झालं की मलाच नीट दिसलं नाही. एका क्षणी लोण्याचा ठोकळा मेव्हण्याच्या हातात होता, दुसऱ्या क्षणी शेजारच्या शेतातल्या कुत्र्याच्या तोंडात.

"लोणी? पोपटीत? मी तिकडं घरची कढई माळ्यावर टाकली, आणि तू माझ्या नवऱ्याला हितं मारतोस? ऊठ!"

"ताई, पण आईनं सांगितलंय..."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी कोबीचं एक पान उचललं, वास घेतला आणि ते गाईपुढे टाकलं.

"रिपोट काय म्हणतो?" त्यांनी मुलीला विचारलं.

"वाईटच हाय. पण चूक माझ्या पापडाची, ह्यांच्या मडक्याची नाय."

सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जावय, बांधावरचा भांबुर्डा सुकायला आलाय. जा, बरा बघून आणा."

मी धावत गेलो. चालायला सांगितलं होतं, पण त्या दिवशी धावलो. पाला लावला, शेंगा भरल्या, मडक्याचं तोंड गच्च दाबलं. बायको शेजारी बसून अंडी देत होती. शेवटचं अंडं देण्याआधी तिने पर्समधून नेलपेंटची बाटली काढली, त्यावर एक लाल ठिपका दिला, फुंकून वाळवला आणि माझ्या हातात ठेवलं.

"हे तुमचं. एकच. पिवळ्यासकट."

पोपटी उघडली तेव्हा मला ते शोधावं लागलं नाही. इतक्या वर्षांत इतकी अंडी खाल्ली, पण एवढं हळू एकही खाल्लं नव्हतं. मेव्हणा शेंगा खाताना गप्प होता, आणि तो सासऱ्यांचाच मुलगा आहे, त्यामुळे मला काय ते कळलं.

आता मी गोळी घेतो, रोज चालतो, आकडाही जरा माणसात आलाय. बोका बारीक झाला आणि माझ्याशी बोलत नाही. मडकं माझ्याकडेच आहे. फक्त सासूबाई अजून सावध आहेत. पोपटीतलं कुठलंही अंडं हातात घेतलं की टिचकवण्याआधी त्या ते कानाला लावतात आणि आतून कोणी काही बोलतंय का ते ऐकतात.